दगडफूल आणि शिंक

चिठ्ठीत माझ्या नावासमोर त्याचं नाव निघालं तेव्हा सगळी पोरं ओरडली. तोही ओरडला. मी तेवढा गप्प होतो, कारण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो माझ्या पथारीचा.

मी लालबागला मसाल्याच्या डंक्यावर काम करतो. डंका म्हणजे लोखंडी मुसळांची रांग. मोटर सुरू केली की मुसळं एकामागून एक वर उचलली जातात आणि उखळात आपटतात. बायाबापड्या भाजलेल्या मिरच्या, धणे, खडा मसाला घेऊन येतात, आपापल्या उखळासमोर स्टुलावर बसतात आणि आपला मसाला दुसऱ्याच्यात जात नाही ना, हे डोळ्यांत तेल घालून बघतात. दुकान काकींचं. काकांच्या मागे त्यांनीच ते चालवलं. दुकानाच्या वर माळा आहे, तिथे मी झोपतो. भाडं त्यांनी कधी काढलंच नाही. जेवण मागच्या चाळीतून, त्यांच्याच घरून येतं. आणि चिठ्ठीत निघालेला तो, काकींचा एकुलता एक मुलगा.

रॅपची बॅटल ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोघं समोरासमोर उभे राहतात. गाणं नाही, वाजवणं नाही. आळीपाळीनं तीन फेऱ्या, आणि प्रत्येकानं दुसऱ्याची यमकातून खरडपट्टी काढायची. तीन परीक्षक असतात, पण खरा परीक्षक गर्दी. ती जिकडे ओरडते तिकडे निकाल झुकतो. परळच्या एका चाळीच्या पटांगणात ही बॅटल भरते. म्हणजे ज्या घराचं मीठ खातो त्या घरच्या मुलाची मला चारचौघांत अब्रू काढायची होती, आणि पुन्हा त्याच घरच्या माळ्यावर जाऊन झोपायचं होतं.

मी परभणीकडचा. आठवीपर्यंतची शाळा गावात होती. पुढची लांब, घरात सायकल एकच, आणि मला एक धाकटी बहीण. सायकल तिला मिळाली. ती आज नर्सिंग करते, तेव्हा सायकल योग्य माणसाकडे गेली असंच मी समजतो. मुंबईत ज्याच्या भरवशावर आलो त्यानं फोन उचलणं बंद केलं. काकींकडे गोण्या उतरवायला म्हणून गेलो होतो. त्यांनी विचारलं, "मिरची सोसता मा रे तुका?" मी म्हटलं, "हो, काही होत नाही." आणि तिथेच शिंकायला लागलो ते थांबेचना. काकी हसल्या. "रव हंय," म्हणाल्या. "खोटा बोलूक येणा नाय तुका, ता बरा."

त्या दिवसापासून मी राहिलो आहे. पण ते 'रव' कधी परत घेतलं जाईल ही धाकधूक मला कायम असते. काकींनी तसं कधी दाखवलेलं नाही. माझाच स्वभाव तसा.

यमकांचा नाद मला डंक्यानं लावला. मुसळं पडतात त्या चालीवर शब्द आपोआप बसायला लागले. मी दिवसभर पुटपुटायचो. डंक्याचा आवाज एवढा की शेजारच्यालाही ऐकू जायचं नाही, आणि मला तेच बरं वाटायचं. कुणी ऐकत नाही म्हटलं की माझी जीभ मोकळी सुटते. एका ओळीत चार-चार यमकं, पहिल्या ओळीतला शब्द पाचव्या ओळीत फिरून येणार, वरवर मसाल्याची गोष्ट आणि आतून माणसाची. हे असलं गुंतवायला मला फार आवडतं.

त्याचं बरोबर उलटं. त्याला लिहिता येत नाही, पण तो नुसतं "चहा सांग रे" म्हणाला तरी गल्लीतली पाच माणसं वळून बघतात. कुठे थांबायचं, कुठे भुवई उडवायची, कुठे आवाज खाली आणायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मग सोयीनं असं झालं की लिहायचं मी आणि बोलायचं त्यानं. मी गर्दीत मागे उभा राहायचो. माझी ओळ त्याच्या तोंडून निघाली की शिट्ट्या पडायच्या. तीच ओळ मी सरावाला म्हटली की पोरं म्हणायची, "परत बोल ना, कळलं नाय." आमच्या दोघांशिवाय ही गोष्ट कुणाला माहीत नव्हती. दुसऱ्याचं लिहिलेलं बोलतो असं कळलं तर या खेळात माणूस संपतो.

या वेळी, "तूपण नाव दे की," असं तोच म्हणाला. दिलं. आणि समोर तोच आला.

चिठ्ठी निघाल्यावर दोन-चार दिवसांनी, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तो येऊन धण्याच्या गोणीवर बसला.

"भाई, माझं लिहिलंस का?"

"तुझं?"

"मग? दर वेळी कोण लिहितं?"

"अरे, पण समोर मीच आहे ना!"

"म्हणून तर," तो म्हणाला. "तुझ्याबद्दल तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीय."

तो मस्करी करत नव्हता. मला याच्यासारखं कुणी लिहून देणार नाही, एवढाच त्याचा साधा हिशेब. आणि खरं सांगायचं तर मलाही नाही म्हणता आलं नाही. त्याच्या आईच्या हातचं जेवतो, चार ओळींचं काय एवढं?

जाताना दारात थांबून म्हणाला, "हलकं लिहू नको हां. आणि तूपण मला हलकं मारू नको. लोकांना कळतं. दोस्ती दिसली ना, दोघांची वाट लागते."

स्वतःवर लिहिणं फार सोपं गेलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्याच्यावर लिहायला बसलो की हात अडायचा, माझ्यावर लिहिताना भराभर सुटायचा. माझी आठवी, माझा माळा, माझं 'करायलास-जायलास' बोलणं. दोन्ही बाजू मीच लिहिल्या. त्याची त्याला मोबाईलवर पाठवली. त्यानं उत्तरादाखल आगीचं चित्र पाठवलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तो काय काय बोलणार ते मला अक्षर न् अक्षर पाठ आहे. समोरच्याच्या ओळीला जागच्या जागी उत्तर देणं, या खेळात याहून मोठी गोष्ट नाही. आणि त्याहूनही धारदार असं एक साधं वाक्य माझ्याकडे होतं. 'हे सगळं मीच लिहून दिलंय.' त्याला यमकसुद्धा लागत नव्हतं. ते म्हटलं की मी जिंकलो, तो संपला, आणि माझी पथारी रस्त्यावर. मी ते लिहून ठेवलं नाही. पण जे पाठ असतं ते लिहावं कुठे लागतं?

त्यातच काकींनी जाहीर केलं, "मीय येतंय बघूक. दोघां काय दिवे लायतत ते बघूया." मजल्यावरच्या बायकांनाही घेऊन येणार होत्या. वर दम भरला, "आवशी-बापाशीर गेलात तर दोघांकय फोडीन."

रविवारी संध्याकाळी पटांगण भरलं. पुढे चाळीतल्या म्हाताऱ्यांसाठी आणि बायकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या, मागे उभी पोरं, सगळ्यांचे मोबाईल वर. काकी पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून.  टॉस झाला. प्रत्येक फेरीत आधी तो, मग मी.

तो पुढे आला. लगेच बोलला नाही. माझ्याभोवती एक चक्कर मारली, माझी कॉलर नीट केली. लोक तेवढ्यानंच हसायला लागले.

"आठवी पास, पुढं वनवास, आमच्या माळ्यावर याचा निवास,
आमच्याच मिरचीनं शिंकतो..."

इथे तो थांबला. नाक वर केलं, डोळे मिटले, सगळं पटांगण वाट बघतंय, आणि असा शिंकला की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी खिशातला रुमाल काढला.

"...आणि म्हणतो, हा माझा प्रवास!"

पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. शिट्ट्या थांबेनात. ओळ माझी होती. शिंक मी लिहिली नव्हती.

माझी पाळी आली. मी सुरू केलं ते डंक्याच्या वेगानं. मला दुसरा वेग ठाऊकच नव्हता. चांगलं लिहिलं होतं हो, आजही तसं वाटतं. पण कुणाच्या चेहऱ्यावर काही हलेना. कुणीतरी खोकलं. मागून एक जण ओरडला, "भावा, सबटायटल लाव रे!" आणि माझ्या पाळीतला सगळ्यात मोठा हशा त्या ओरडण्याला मिळाला.

दुसरी फेरी त्याहून वाईट गेली. त्यानं माझी बोली उचलली, 'काय करायलास, कुठं जायलास' म्हणत हात असे काही लांबवले की त्याच्या बाजूची, माझ्या बाजूची, सगळीच पोरं हसली. मीही जवळजवळ हसलोच. मग मी बोललो, आणि शांतता पसरली तसा आणखी जोरात पळालो. शांततेची मला भीती वाटते. डंका बंद पडला की काकी धावत येतात, काहीतरी बिघडलं म्हणून. तसंच वाटत होतं, की मी थांबलो तर काहीतरी बिघडेल. काकींकडे बघायचं मी टाळत होतो.

तिसरी फेरी. त्यानं मी दिलेल्या ओळी म्हटल्या, टाळ्या घेतल्या. आता शेवटची ओळ येणार, ती मला पाठ होती, मी मनात तिच्याबरोबर चालत होतो. पण ती आलीच नाही. तो माझ्याजवळ आला. आवाज अगदी खाली आणला. यमक नाही, चाल नाही, गोष्ट सांगावी तसं म्हणाला,

"आईचा फोन आला ना, की हा डंक्याला चिकटून उभा राहतो. का माहितीय? रडलेलं तिला ऐकू जाऊ नये म्हणून."

 मग "ओऽऽऽ" असा आवाज उठला आणि वरच्या गॅलऱ्यांपर्यंत गेला. त्या आवाजातून काकींचा आवाज आला, "ए झिला, गप रव!" त्या उभ्या राहिल्या होत्या. लोक आणखीच ओरडले.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं कधीतरी बघितलं असणार.

आता मी. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मागची पोरं टाळ्या वाजवत म्हणायला लागली, "अडकला, अडकला." ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हनुवटी वर करून उभा होता, पण बोटं पँटच्या शिवणीशी चाळा करत होती. त्याला ठाऊक होतं माझ्याकडे काय आहे. मी ते मारणार असंच त्यानं धरलं होतं. त्या ओळीनंतर ते मारलं असतं तरी मला कुणी नावं ठेवली नसती.

मी मोठ्या मनानं गप्प राहिलो असं म्हणणार नाही. एक कारण पथारी, ते आहेच. दुसरं कारण ती ओळच होती. ती त्याची होती. इतके दिवस जे खरं होतं, की याच्या तोंडातला प्रत्येक शब्द माझा, ते नेमकं त्याच क्षणी खोटं झालं होतं. आणि त्या संध्याकाळची ती सगळ्यात चांगली ओळ होती. मला झोंबली होती, तरी कानाला कळलंच.

म्हणून मी माझी लिहिलेली फेरी सुरू केली. पण घसा दाटलेला. पळताच येईना. दोन शब्द बोलायचे, आवंढा गिळायचा, मग पुढचे दोन.

"दगडफूल आहेस तू."

आवंढा.

"नावात दगड, पण वजन नाही."

पुन्हा आवंढा.

"नावात फूल, पण वास नाही."

इथे पुढच्या खुर्च्यांतून कुणीतरी फिसकन हसलं. बायकांची रांग. वर्षाचा मसाला घालणाऱ्या त्या बायका, त्यांच्या हातून किती दगडफूल गेलं असेल. काळपट, पापुद्र्यासारखं, हातात घेतलं तर काहीच नाही. मी थांबलो होतो तो श्वासासाठी, पण त्या पुढचं काय म्हणून थांबल्या.

"तेलात पडल्याशिवाय तुला स्वतःचा श्वास नाही!"

"अगो बाई!" एक मावशी म्हणाल्या आणि शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. मागच्या रांगेतल्या मुलीनं विचारलं, "दगडफूल म्हणजे काय गं?" "घरी दाखवते, गप आता, ऐकू दे." मग पोरांना कळलं की पुढे काहीतरी मोठं पडलंय, आणि तीही ओरडली, थोडी उशिरानं. मी पुढची ओळ म्हटली, थांबलो. त्यापुढची म्हटली, थांबलो. पहिल्या ओळीतला शब्द पाचव्यात परत आला तेव्हा एका परीक्षकानं मान वर केली. शेवटी टाळ्या झाल्या. शिट्ट्या नव्हत्या, पण टाळ्या बराच वेळ टिकल्या.

तो जिंकला, दोघा परीक्षकांच्या मतानं, आणि फायनलला गेला. एक मत मला पडलं. परीक्षकांतले थोरले मला म्हणाले, "लिहितोस छान रे, पण आमच्यापर्यंत पोचू दे ना. शेवटी पोचत होतास." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझं लिखाण काय पक्कं आहे! आठवी पास, वनवास, निवास. बसून लिहिलेलं दिसतंय."  जिंकल्यावर तो गप्प राहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

जेवायला त्यांच्या घरी तिघंच होतो. काकींनी बांगड्याचं कालवण वाढलं.  मी भात नुसता कालवत बसलो. आता सांगतील, मला वाटलं. सोमवारपासून दुसरीकडे बघ.

काकी मुलाला म्हणाल्या, "ता आठवी पास आणि वनवास. ता मी पयला आयकलंय."

"कुठे?" त्यानं ताटातून मान वर न करता विचारलं.

"डंक्यार. चार दिवस ह्याच बडबडत होतो हो." आणि माझ्याकडे बघितलं. "तुका वाटता डंको चालू असलो की माका आयकाक येणा नाय? इतकी वर्षां मी त्या डंक्याक बसलंय. मुसळाचो आवाज खंयचो, माणसाचो खंयचो, माका कळता." मग थोडा वेळ त्यांनी हिशेब जुळवल्यासारखं दोघांकडे पाहिलं. "म्हणजे तुका गाळी घालूक तूच लिवन दिलंस?"

मी मान डोलावली.

"आणि तू घेतलंस?"

त्यानंही डोलावली.

काकींनी कपाळाला हात लावला. "दोन मेले पोसलंय मी घरात. एकाक लाज नाय आणि एकाक अक्कल नाय." आणि माझ्या ताटात आणखी एक बांगडा घातला. भाजीभाकरीवर वाढलेल्या मला अजून काटे नीट काढता येत नाहीत, पण तो मी पुरता खाल्ला.

जिन्यात तो मागून आला. माफी वगैरे तो मागत नाही, मागितली असती तर मलाच अवघड झालं असतं. म्हणाला, "ती फोनवाली मी लिहिली होती. म्हणजे लिहिली नाय, डोक्यात होती."

"माहितीय."

"कशी होती?"

"चांगली होती," मी म्हटलं. "झोंबली."

"हां." तो कठड्याला टेकला. "फायनलला मी स्वतः ट्राय करतो. तू फक्त बघून दे." मग दोन पायऱ्या उतरून थांबला. "ए, दगडफूल म्हणजे नक्की कुठलं रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डबा उघडून दाखवलं. डंकेवाल्याचा मुलगा. त्यानं नाकाशी धरलं, म्हणाला, "खरंच वास नाय यार."

त्याच आठवड्यातली गोष्ट. सीझन असल्यानं दुकान भरलेलं, चारही उखळांसमोर बायका बसलेल्या, दादरहून आलेल्या एक बाई घाईत होत्या. मी तयार झालेला मसाला परातीत पसरत होतो. गरम असताना बरणीत भरला तर त्याला घाम सुटतो आणि गाठी होतात, म्हणून निवू द्यायचा असतो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई. मी सवयीनं डंक्याकडे सरकलो, मुसळांच्या अगदी जवळ.

आणि आवाज बंद झाला.

काकींनी मेन स्विच खाली ओढला होता. मुसळं होती तिथे थांबली.

"काय हो, लाईट गेली?" दादरच्या बाईंनी विचारलं.

"नाय," काकी म्हणाल्या. "त्याच्या आवशीचो फोन आसा. जरा दम खावा."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. काकींनी गल्ल्याजवळचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. फोन कानाला लावला.

"काय करायलास रं?" आई म्हणाली. आणि मग, "आज मशीनचा आवाज नाही आला? काम बंद हाय का?"

"नाही. चालू आहे."

"मग?"

 दुकानात मिरचीचा वास भरला होता आणि कुणी शिंकतसुद्धा नव्हतं.

"थांबलंय जरा," मी म्हटलं. "बोल तू. ऐकू यायलंय."